एकेचाळीस डावे अंगठे

कार्डं वाचून वाचून धनाजीचा घसा बसला, तरी आक्काताई त्याला थांबू देईनात. भल्या पहाटे आटपाडीहून निघून, दोनदा एस.टी. बदलून त्या कोयनाकाठच्या या माहेरी पोचल्या होत्या, आणि दोन भावांतला निवाडा करायचा तर सगळं ऐकूनच करायचा, हे त्यांनी पाय धुताधुताच सांगून टाकलं होतं. म्हणून सोप्यावर घोंगडं अंथरलेलं, घोंगड्यावर पोस्टकार्डांचा ढीग, ढिगाच्या एका अंगाला थोरला नाथाजी, दुसऱ्या अंगाला धाकटा मानसिंग. मध्ये मानसिंगाचा पोरगा धनाजी, बापाच्या विरुद्धची कार्डं बापासमोरच बसक्या आवाजात वाचत होता. असलं दृश्य त्या सोप्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

"'सुभेदारसाहेब, बारा वर्षं आपल्या धाकट्या भावास निवडून दिले. या खेपेस जिल्हा परिषदेला तुम्हीच उभे राहावे, अशी आम्हां गरिबांची इच्छा आहे. नाही म्हणू नये. आपली, अंबूबाई. निशाणी डावा अंगठा.'"

माजघराच्या दाराआड राहीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात तिथंच थांबला.

नाथाजीची ही बायको. हिला कुठलीही गोष्ट अर्धी सोडवत नसे. लग्नात आहेर आलेलं घड्याळ आत काय टिकटिकतंय ते बघायला तिनं उघडलं होतं, ते तीस वर्षं झाली तरी उघडंच होतं. आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट टिकटिकायला लागली, ती म्हणजे अंबूबाईचा डावा अंगठा. कारण अंबूबाईला डावा अंगठाच नव्हता. पासष्ट साली गुऱ्हाळावर ऊस सारताना तो चरकात गेला होता, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सोप्यावर मात्र कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मानसिंग तेवढा मिशीत हसल्यासारखा वाटला.

"किती झाली रं?" आक्काताईंनी विचारलं.

"त्रेसष्ट, आत्या. बावीस सह्या, एकेचाळीस अंगठे."

"मानसिंग, बोल आता. त्रेसष्ट माणसं म्हंत्यात थोरला पायजे. उद्या दुपारी फारम भरायचं बंद. तू काय म्हंतूस?"

मानसिंगानं टोपी काढून मांडीवर ठेवली. बारा वर्षं राजकारणात मुरलेला गडी तो. राग आला की जास्तच गोड बोलायचा. "आक्का, लोकांची इच्छा आसंल तर मी कोण नको म्हणणारा? दादानं उभं ऱ्हावं. मी सोता सूचक म्हणून सही करतो. खरं, एक करू. ह्या समद्यास्नी आज सांजच्याला आंगणात च्याला बलवू. त्यांच्याच तोंडनं आयकू, म्हंजे माझ्याबी जिवाला बरं वाटंल."

"बलव की. त्यात काय बिघडलं?" आक्काताई म्हणाल्या.

राहीबाईनं दाराच्या फटीतून नवऱ्याकडं बघितलं. मिशी पिळणारा त्याचा हात मिशीवरच राहिला होता.

तिच्या मागं चुलीपाशी बयाबाई, मानसिंगाची बायको, भाकरी थापत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "जाऊबाय, मी आगूदर सांगून ठिवते. दोगं भाऊ समूर उभं ऱ्हायले, तर ह्या चुलीवर दोगांचा सयपाक मला जमायचा न्हाई. माझी चूल मी येगळी मांडणार."

"मांड की. लाकडं मातर तुझी तूच फोड," राहीबाई वरवर म्हणाली. एकोणतीस वर्षं दोघींनी एका तव्यावर भाकरी भाजली होती. नवरा पलटणीत असताना तिच्या आजारपणात, बाळंतपणात हीच बया उशाशी बसली होती. ही चूल मोडायची म्हणजे राहीबाईचं निम्मं आयुष्य उचलून परसात टाकण्यासारखं होतं.

ती उठली आणि सोप्यावरची कार्डं "पावणं यायच्या आत जागा मोकळी करते" असं सांगून ओच्यात भरून घेऊन गेली. जाताना धनाजीला नजरेनं गोठ्याकडं बोलावलं.

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. धनाजी दावणीला टेकून उभा राहिला. बी.ए. अर्धं सोडून हा सांगलीत एका दंतमंजनवाल्याकडं जाहिरातीच्या कामाला लागला होता, विश्रामबागेत चार पोरांत खोली करून राहत होता, आणि दर शनिवारी घरी यायचा.

"धन्या, अंबूबाईनं कुठला अंगठा दिलाय?"

"डावा. लिवलंय की, काकू."

"तिला त्यो न्हाई."

"काय न्हाई?"

"डावा अंगठा."

धनाजीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग तो शेणाच्या पाटीवर मटकन बसला. सुदैवानं पाटी पालथी होती.

"कार्डं तूच लिवलीस न्हवं?" राहीबाईच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. "आन येवढी येगयेगळी अक्षरं कशी काढलीस?"

"खोलीतल्या पोरांनी काढली. सह्याबी त्यांच्याच. मी पाटणात उतरलो की पेटीत टाकायचो, म्हंजे शिक्का हिकडचा." त्यानं मान वर केली. "काकू, आमच्या धंद्यात ह्ये रोजचंच हाय. मंजन घेणाऱ्यांची पत्रं पेपरात छापायची आसत्यात. घेणारा कशाला पत्र लिवतोय? मग आमीच लिवतो. आमक्या गावची तमकी बाय लिहिते, माझी दाढ दुखायची थांबली. लोकांस्नी आवडलंय आसं लोकांस्नी दिसलं, की मग लोक घेत्यात."

"आन ह्या बाया आणता कुठनं?"

"सुचंल त्ये नाव घालायचं." तो घुटमळला. "एकडाव तुमचंबी घातलंय."

"माझं?" राहीबाई जवळ सरकली. "काय लिवते मी?"

"की बत्तीस दात मोत्यावानी झाले. शेजारणीबी इचारत्यात, काय लावतासा म्हणून."

राहीबाईनं जन्मभर मिश्रीशिवाय दाताला काही लावलं नव्हतं. काळ्या हिरड्यांवरून तिनं जीभ फिरवली, मागच्या तीन रिकाम्या जागा मोजल्या, आणि तिला असं हसू फुटलं की म्हशीनं रवंथ थांबवून मान वळवली. हसता हसता डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "आन खपलं का रं मंजन?"

"लय खपलं."

"आता खरं सांग. ही कार्डं लिवाया तुला कुणी सांगितलं?"

"शपथ घातलीया, काकू. येवढंच सांगतो, अंगठे मी लावल्यालं न्हाईत. अंगठा लावल्याली कोरी कार्डं माझ्या हातात आली, संगं मतदार यादी, नावांवर खुणा करून. त्यांनी जन्मात पयल्यांदा माझ्याकडं काय तरी मागितलं. न्हाई म्हणवलं न्हाई." मग त्यानं नजर चुकवली. "आन बापानं मला कवा इचारलंय, धन्या तू काय करतोस म्हणून?"

त्याला तिथंच सोडून राहीबाई परसात आली. धुण्याच्या दगडावर तिनं ओचा रिकामा केला आणि उन्हात एकेक कार्ड मांडलं. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळं मजकुराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. तीन आठवडे घरातल्या साऱ्यांनी मजकूर वाचला होता. अंगठ्यांकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते तिनं बघितले.

पहिलं नवल म्हणजे ते फार नेटके होते. गावातला माणूस सोसायटीत अंगठा देतो तेव्हा टेकवतो आणि ओढतो. कागदावर निळा डाग उठतो, बस्स. हे अंगठे नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट लोळवून घेतलेले, एकेक रेषा मोजता यावी असे. शिवाय सगळे सारख्याच मापाचे. नावांत बायाही होत्या, पण बाईच्या बारीक मापाचा एकही नव्हता. आणि प्रत्येकावर मधोमध एक तिरकी कोरी रेघ, जिथं शाईच लागली नव्हती.

ती रेघ बघायला तिनं कार्ड डोळ्यांजवळ आणलं. असा अंगठा लोळवून घ्यायची तऱ्हा तिला एकाच माणसानं करून दाखवली होती. 'पगाराच्या दिवशी नव्या रंगरुटांचे अंगठे मी असे घ्यायचो राही, खाडाखोड चालत न्हाई पलटणीत,' असं तो सांगायचा. आणि ती तिरकी रेघ तर तिनं स्वतः आठ दिवस हळद भरून बांधली होती. सदुसष्टच्या भूकंपात, रजेवर आलेला नवरा पडक्या घरांतून माणसं काढत होता, तेव्हा तुळई अंगठ्यावर आली होती.

आधी तिला राग आला. एवढी वर्षं एका उशीवर डोकं ठेवून आपल्याला पत्ता लागू दिला नाही. पंधरा दिवसांमागं पंच्याला निळे डाग दिसले, तर पेन्शनचा कागद होता म्हणाले होते. मग रागाच्या जागी दुसरंच काही आलं. पन्नाशी उलटलेला हा माणूस दार लावून, शाईची डबी पुढ्यात घेऊन, एकेचाळीस वेळा स्वतःचा अंगठा उठवत बसला असेल, हे डोळ्यांपुढं आलं आणि तिला रडू कोसळलं. तोंड धुऊन ती आत गेली.

नाथाजी आतल्या खोलीत कोटावर पदकं अडकवत होता. सांजच्या तयारीला लागला होता बिचारा.

"आवं, जरा डावा हात दावा."

"कशाला?"

"दावा तर."

त्यानं मूठ मिटली. राहीबाईला उत्तर मिळालं. तिनं दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"का केलंसा?"

बोलला तो कोटाच्या बटणाशी. "सात वर्सं सोप्यावर बसतूय मी. रोज सकाळी पन्नास माणूस पायरी चढतंय. रामराम सुभेदार, मानसिंगराव हायत का? बास. पुढं जात्यात. भूकंपात आठ दिस ह्याच लोकांचं माझ्याबिगर पान हालत न्हवतं, राही. सुभेदार हिकडं या, सुभेदार तिकडं या. मला वाटलं पेन्शनीवर आलो की तसंच आसंल."

"मग भावजींस्नी सरळ म्हनायचं व्हतं, मला उभं ऱ्हायाचंय."

"मागून घेतल्यालं काय कामाचं? कुणीतरी बलवाय पायजे व्हतं." त्यानं बटण सोडलं. "आधी पाचच लावली. पोस्टमन सोप्यावर घिऊन आला आन धनाजीनं वाचून दावली. माझीच कार्डं, मला ठावं व्हतं. तरी आयकताना लय बरं वाटलं गं. मग ऱ्हावलं न्हाई."

राहीबाईनं त्याची मूठ उघडून अंगठा हातात धरला. "अंबूबाईचंबी लावलंसा. तिला डावा अंगठा न्हाई."

"कवापास्नं?"

"पासष्टपास्नं. चौदा वर्सं झाली. रोज आपल्या दारावरनं पाण्याला जाती."

नाथाजी खाटेवर बसला. पदकांचा कोट त्याच्या मांडीवर चुरगळला.

"भावजींस्नी त्ये ठाव हाय, म्हणून तर च्या मांडलाय," ती म्हणाली. "समद्या गावाम्होरं तुमचं हसं करायचं. मी कुणाला सांगत न्हाई. खरं, काय करायचं त्ये तुमाला करावं लागंल."

"आता माघार घेतली तर तोंड कुठं दावू?"

"त्ये मलाबी ठाव न्हाई," राहीबाई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली. नवऱ्यानं गप्प राहावं तर त्याचं हसं, हट्टानं उभं राहावं तर घर फुटलं. तिसरी वाट तिला दिसत नव्हती.

उन्हं उतरायच्या सुमाराला माणसं आली. साठाच्या आसपास असतील. बोलावलंय कशाला याचा कुणालाच पत्ता नव्हता, पण थोरल्या घरातनं बोलावणं आलं की यायचं, एवढं सगळ्यांना कळत होतं. गडी पुढं बसले, बाया भिंतीकडेला. चहा फिरला. मानसिंग पायरीवर उभा, हातात आतून मागवून घेतलेली कार्डं. आक्काताई सोप्यावर. नाथाजी खांबाला टेकून, कोट न घालता. त्याच्या तोंडावर रंग नव्हता.

"गुंडा," मानसिंगानं पुढच्या रांगेतल्या एका गड्याला हाक मारून सुरुवात केली, "सुभेदारांनी उभं ऱ्हावं म्हणून तू कार्ड धाडलंस?"

गुंडा उभा राहिला. त्यानं मानसिंगाकडं बघितलं, नाथाजीकडं बघितलं, हातातल्या कपाकडं बघितलं.

"व्हय की," तो म्हणाला.

मानसिंगाच्या भुवया वर गेल्या. "अंगठा तू लावलास?"

"व्हय, व्हय. मीच लावला."

दाराआडून बघणारी राहीबाई उंबऱ्यापर्यंत सरकली. मानसिंगानं दुसऱ्याला उठवलं. तोही व्हय म्हणाला. तिसरा, चौथा, पाचवा. भिंतीकडेच्या बाया तर पुरतं विचारायच्या आत व्हय म्हणू लागल्या. एकालाही कार्डाचं ओ की ठो ठाऊक नव्हतं, आणि एकही नाही म्हणत नव्हता. मानसिंगाचा गोडवा उतरत चालला. हसं व्हायचं होतं एकाचं आणि घाम फुटला होता दुसऱ्याला.

"अंबूबाई," तो शेवटी म्हणाला. "म्होरं ये. डावा हात बघू."

अंबूबाई सावकाश उठली. पदराखाली धरलेला हात तिनं बाहेर काढला. चार बोटं.

"ह्यो अंगठा तू दिलास?" मानसिंगानं कार्ड तिच्यापुढं धरलं.

"व्हय," अंबूबाई म्हणाली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. अंबूबाई मात्र खाली मान घालून, हात तसाच पुढं धरून उभी होती, शाळेत छडी खायला उभं राहावं तशी.

नाथाजीला ते बघवलं नाही. तो खांब सोडून पायऱ्या उतरला, अंगणात आला आणि तिच्याशेजारी उभा राहून त्यानं आपला डावा हात वर केला.

"त्यो अंगठा माझा हाय. एकेचाळीसच्या एकेचाळीस माझेच. कुणी कार्ड धाडल्यालं न्हाई." आवाज पलटणीतला होता, पण शेवटी चिरकला. "मानसिंग, मी उभा ऱ्हात न्हाई. अंबूबाई, हात खाली घे बाय. माझं चुकलं."

आक्काताईंनी कपाळाला हात लावला. मानसिंगाला हवं ते मिळालं होतं, तरी त्याला हसता येईना. भावाकडं न बघता तो कार्डं एकसारखी करत राहिला. राहीबाईला लाज वाटायला हवी होती. पण तिला त्या क्षणी नवरा इतका आवडला की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"खरं, तू व्हय का म्हणलीस?" नाथाजीनं अंबूबाईला विचारलं. "तुला तर अंगठाच न्हाई."

"थोरल्या घरातनं इचारलं की व्हय म्हणायचं आसतं न्हवं?" अंबूबाईला प्रश्नच कळला नव्हता. "दर खेपंला म्हंतो की. गेल्या डावाला मानसिंगरावांच्या मागं ट्रक भरून कराडला न्हेलं, तवाबी व्हय व्हय म्हणून वरडलो. लाडू दिलं व्हतं."

मानसिंगाचे हात थांबले. "त्यो ट्रक तर लोकांनीच आपखुशीनं..." तो बोलता बोलता अडखळला. समोरच्या साठ तोंडांवरून त्यानं नजर फिरवली. एकानंही नजर उचलली नाही. ट्रक कुणी ठरवला होता हे त्याला ठाऊकच होतं. फक्त बारा वर्षांत तो ते विसरून गेला होता. तो भावाच्या बाजूला, खालच्या पायरीवर बसला.

"अंबूबाई," नाथाजी म्हणाला, "आता खरं सांग. तुला काय व्हणार न्हाई, आक्काची आण घेऊन सांगतो. आमा दोगांतला तुला कोण पायजे?"

अंबूबाईनं थोरल्याकडं बघितलं. धाकट्याकडं बघितलं. पदर सारखा केला.

"दोगंबी न्हाई," ती हळूच म्हणाली.

गुंडानं चमकून तिच्याकडं पाहिलं आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही मान हलवली. भिंतीकडेच्या दोघीतिघींनी हलवली. मानसिंगानं तोंड उघडलं, पण नाथाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि राहीबाईला राहवलं नाही. तीस वर्षांत गड्यांच्या बैठकीत न ओलांडलेला उंबरा तिनं ओलांडला आणि सरळ पायरीपर्यंत आली.

"मग कोण गं?" तिनं विचारलं.

"आसं कुणी कवा इचारलंच न्हाई, सुभेदारीणबाई," अंबूबाई म्हणाली. "जरा इच्चार करू द्या." आणि ती तिथंच अंगणात बसून विचार करू लागली, आणि दोन भाऊ, आक्काताई आणि सारं अंगण तिच्या तोंडाकडं बघत गप्प बसून राहिलं.